कादर खान : स्वतःच लिहायचा आणि स्वतःच मार खायचा

फिरता_प्रेक्षक (धागाकर्ता)
रविवार, रात्री १०.४०

कादर खानचा विषय निघाला की मंडळींचे दोन तट पडतात. एकाला गोविंदाचा सासरा आठवतो, दुसऱ्याला अमिताभचे संवाद. पहिला दुसऱ्याला म्हणतो, 'अरे हो, ते लिहायचेपण ना!' दुसरा पहिल्याला म्हणतो, 'एवढा मोठा लेखक, आणि शेवटी काय, शक्ती कपूरबरोबर माकडचेष्टा.' हे दोन्ही ऐकून ऐकून कंटाळा आला, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की त्या माकडचेष्टांमागे लेखकच बसलेला असायचा. फजिती होणाऱ्या माणसाला किती वेळ शहाणा राहू द्यायचं आणि नेमकं कधी तोंडघशी पाडायचं, हे नट म्हणून त्याला कळायचं, कारण लेखक म्हणून तेच काम तो दुसऱ्यांसाठी वर्षानुवर्षं करत होता.

नव्या लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. जन्म काबूलचा, १९३७ चा. लहानपणीच घरचे मुंबईला आले आणि कामाठीपुऱ्यात राहिले. गरिबी अशी की शेजारची पोरं कारखान्यात कामाला जायची आणि यालाही जावंसं वाटायचं. आईने अडवलं आणि शिकायला लावलं. हे त्याने नंतर बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय. मग जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज, पुढे इंजिनिअरिंग, आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिलचा प्राध्यापक.

नाटकाची सुरुवात मात्र कब्रस्तानातली. नमाजाला म्हणून घरातून निघायचं आणि घराजवळच्या ज्यू कब्रस्तानात जाऊन एकट्याने मोठमोठ्याने बोलत बसायचं, दिवसभरात जे ऐकलं ते सगळं. एका रात्री तिथे अश्रफ खान या जुन्या रंगभूमीवरच्या नटाच्या कानावर हे पडलं आणि पोरगा नाटकात गेला. आता १९७८ चा 'मुकद्दर का सिकंदर' आठवा. त्यात कब्रस्तानात बसलेला फकीर कोण आहे? आणि त्या फकिराचे संवाद कोणी लिहिलेत? दोन्हीची उत्तरं एकच. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

सिनेमातला प्रवेश 'लोकल ट्रेन' नावाच्या नाटकामुळे. स्पर्धेत बक्षिसं मिळाली, परीक्षकांत नरेंद्र बेदी होते, त्यांनी 'जवानी दिवानी'चे (१९७२) संवाद लिहायला बोलावलं. याने काय करावं? क्रॉस मैदानात जाऊन बसला, आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळतायत, आणि काही तासांत काम उरकून कागद घेऊन परत हजर. पुढे मनमोहन देसाईंचा 'रोटी' (१९७४). देसाईंनी आधीच दम भरला होता की आवडलं नाही तर फाडून गटारात टाकीन. आवडलं. प्राध्यापकाचा महिन्याचा पगार तीनशे-साडेतीनशे असताना 'रोटी'चे एक लाख एकवीस हजार मिळाले, असं तो सांगायचा.

बाकी तुम्ही बोला. मला मुख्यतः नव्वदीतल्या सासऱ्यांवर चर्चा हवी आहे, पण कुठेही जा.

दुपारचा_शो
रविवार, रात्री ११.२५

छान धागा. पण एक बारीक खोड काढतो. 'अमर अकबर अँथनी कादर खानने लिहिला' असं सर्रास म्हटलं जातं. पडद्यावरची नावं वाचा : कथा जीवनप्रभा देसाई, पटकथा प्रयाग राज, संवाद कादर खान. तीन वेगळी कामं, तीन वेगळी माणसं. आई आंधळी होणं, तिन्ही पोरांची ताटातूट, रक्त देण्याचा तो अचाट प्रसंग, यातलं काहीच त्याच्या खात्यावर जात नाही. मग त्याला पटकथाकार म्हणायचं का? लेखनाची फिल्मफेअरही संवादांसाठीच मिळाली, 'मेरी आवाज सुनो' आणि 'अंगार'.

फिरता_प्रेक्षक
रविवार, रात्री ११.५०

@दुपारचा_शो, खोड मान्य, पण मी उलट बाजूने बघतो. सलीम-जावेद पूर्ण बांधीव पटकथा घेऊन यायचे. जग त्यांचं, माणसं त्यांची. कादर खानला मिळायची दुसऱ्याची गोष्ट, आणि ती बऱ्याचदा काहीच्या काही असायची. हरवलेले भाऊ, ताईत, योगायोग. ते सगळं प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं काम याचं. अँथनीला ज्या क्षणी स्वतःची अशी बोली मिळते, त्या क्षणी तो खरा माणूस होतो. मग त्याच्या आयुष्यात कितीही अशक्य घडलं तरी आपण मान डोलावतो. कथा न लिहितासुद्धा पात्र जन्माला घालता येतं ते असं.

शिवाय मनमोहन देसाई आणि प्रकाश मेहरा हे त्या काळातले दोन प्रतिस्पर्धी तंबू, आणि याचा मुक्काम एकाच वेळी दोन्हीकडे. इकडे 'परवरिश', 'सुहाग', 'नसीब', 'कुली'. तिकडे 'मुकद्दर का सिकंदर', 'लावारिस', 'शराबी'. दोन्हीकडे हिरो अमिताभच. पण देसाईंचा अमिताभ बडबड्या आहे आणि मेहरांचा आतल्या आत जळणारा. बडबड्याची बडबड आणि जळणाऱ्याचं मौन, दोन्ही एकाच टेबलावरून निघालं.

कांदाभजी
सोमवार, सकाळी ७.१०

सकाळी सकाळी लोकलमध्ये वाचला धागा. डोंबिवली ते ठाणे. मजा आली. आता रात्री 'दुल्हे राजा' बघणं आलं. (बायकोला हा धागा दाखवून परवानगी काढतो.)

तिसरी_घंटा
सोमवार, सकाळी ११.३०

नाटकवाल्यांच्या बाजूने एक भर. त्याचं 'ताश के पत्ते' हे नाटक गाजत होतं आणि दिलीपकुमारपर्यंत त्याची ख्याती गेली. दिलीपसाहेबांनी कॉलेजात फोन करून नाटक बघायची इच्छा सांगितली, तर या प्राध्यापकाने दोन अटी घातल्या. वेळेवर यायचं, आणि शेवटपर्यंत बसायचं. दिलीपकुमारला! दिलीपकुमार आले, बसले, आणि 'सगीना' आणि 'बैराग' या आपल्या दोन चित्रपटांत त्याला घेतलं.

आपल्याकडे शिवाजी मंदिरला पहिला अंक संपत आला तरी दारातून टॉर्च मारत आत येणारे महाभाग असतात. त्यांच्यासाठी ही गोष्ट तिकीटखिडकीवर लावायला हवी.

पण मुद्दा वेगळा आहे. नाटकातून आलेल्या माणसाचा कान तयार असतो. हशा कुठे येतो, किती लांबतो, पुढचं वाक्य कधी सोडायचं, हे रोज समोर बसलेली माणसं शिकवतात. सिनेमात सेटवर हसायला कोणी नसतं. कादर खानचे विनोदी प्रसंग थिएटरात बघताना एक गोष्ट जाणवायची : हशा ओसरेपर्यंत तो पुढचं महत्त्वाचं वाक्य बोलतच नाही. मधल्या वेळात टोपी सावरेल, चष्मा पुसेल, समोरच्याकडे नुसता बघत राहील. हशाची जागा त्याने आधीच मोजून ठेवलेली असायची.

मराठीत लिहिणारे नट आपल्याला नवे नाहीत. 'गुळाचा गणपती'त पुलंनी लेखन, संगीत, अभिनय सगळं केलं. प्रभावळकरांनी 'हसवाफसवी' लिहिलं आणि त्यातल्या सहा भूमिकाही केल्या. पण या दोघांनी स्वतःसाठी लिहिलं. कादर खानने आधी दहा वर्षं दुसऱ्यांना मोठं करण्यासाठी लिहिलं, आणि उरलेल्या जागेत स्वतःला बसवलं. ही सवय वेगळीच.

स्थापत्यवाला
सोमवार, दुपारी २.०५

मी सिव्हिलचाच. साबू सिद्दीकचा नाही, पण आमच्या क्षेत्रात हे नाव अभिमानाने घेतलं जातं. आपल्यातला एक तरी माणूस सिमेंटच्या बाहेर पडला म्हणून.

@तिसरी_घंटा यांनी कान म्हटलं, मी भार म्हणतो. इमारतीत भार कुठून येतो आणि कुठे उतरतो हे आम्ही आधी बघतो, रंगरंगोटी नंतर. 'कुली नं. १' (१९९५) घ्या. गावचा श्रीमंत चौधरी होशियारचंद, मुलीसाठी त्याला गडगंज स्थळ हवंय. लग्न जुळवणारा शादीराम घरजोडे, म्हणजे आपले सदाशिव अमरापूरकर, स्थळ घेऊन येतो आणि हा त्याचा पाणउतारा करतो. झालं. पुढचा सगळा सिनेमा त्या एका अपमानावर उभा आहे. अपमान पुरेसा झोंबणारा नसता तर शादीरामने एका हमालाला राजकुमार बनवून आणलंच नसतं. म्हणजे गोविंदाची सगळी धमाल ज्या खांबावर उभी आहे, तो खांब कादर खान आहे. आणि संवादही त्याचेच आहेत, म्हणजे खांब आपणच ओतला.

कांदाभजी
सोमवार, दुपारी २.२०

@स्थापत्यवाला, आणि शक्ती कपूर म्हणजे पावसाळ्यातली गळती का? 😄

स्थापत्यवाला
सोमवार, दुपारी २.२४

गळती काढायला गेलात तर भिंत पडेल. राहू द्या.

आजीचा_चष्मा
सोमवार, सायंकाळी ६.४५

सगळे कौतुकाचे हार घालताय म्हणून मुद्दाम लिहिते. ऐंशीचं दशक असं अलगद ओलांडून कसं चालेल? 'हिम्मतवाला' (१९८३) नंतर जितेंद्र-श्रीदेवी-जयाप्रदा यांचे जे दाक्षिणात्य रिमेक ओळीने आले, त्यांचे हिंदी संवाद याचेच, आणि त्यात शक्ती कपूरबरोबर याच्याच भूमिका. किती द्व्यर्थी, किती आरडाओरडा! घरातल्या बायका एक तर रडक्या, नाही तर कजाग. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर लावायचे, त्यात एक हमखास या जातीचा. पुरुष मंडळी खो-खो हसायची आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची. तिला काम नसायचं तिथे.

दुसरं. 'मुझसे शादी करोगी' (२००४) मधले दुग्गलसाहेब, आज आंधळे, उद्या बहिरे, परवा आणखी काही. लोक यावर अजूनही रील्स करतात. मला नाही हसू येत. माझ्या घरात कमी ऐकू येणारं माणूस आहे.

अभिनय चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. प्रश्न लेखकाचा आहे. शिकलेला, अरबीचा अभ्यास असलेला, उर्दूवर हुकूमत असलेला माणूस. त्याला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

फिरता_प्रेक्षक
सोमवार, रात्री ९.१५

@आजीचा_चष्मा ताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर वाद घालणार नाही. त्यातले अर्धेअधिक चित्रपट मलाही आज बघवत नाहीत. शिफ्टवर शिफ्ट, सकाळी एक सेट, संध्याकाळी दुसरा, आणि संवाद तिथेच बसून खरडायचे, असा तो काळ. एवढ्या वेगात लिहिणारा माणूस सोपी वाट पकडतो. त्याने पकडली. आणि ती पैशाची वाट होती हेही खरं.

दुग्गलसाहेबांबद्दल एवढंच की तो चित्रपट त्याने लिहिलेला नव्हता, पण भूमिका त्याने घेतली, त्यामुळे ढाल म्हणून ते वापरणार नाही.

मात्र ऐंशीतला तो बदल का झाला, याचं त्याने दिलेलं कारण मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. तोवर पडद्यावर तो खलनायक असायचा. 'नसीब'सारख्या चित्रपटांत हिरोच्या हातून ठोसे खायचे. त्याच्या मुलाला शाळेत पोरं चिडवायची, तुझा बाप शेवटी मार खातो म्हणून, आणि मुलगा मारामारी करून घरी यायचा. तेव्हा बापाने ठरवलं की खलनायकी पुरे. 'हिम्मतवाला'त त्याने अमजद खानच्या मुनीमाची विनोदी भूमिका केली आणि गाडी त्या रुळावर गेली ती गेलीच.

गंमत अशी की मार खाणं काही सुटलं नाही. आधी ठोसे, नंतर फजिती.

गिरणगावकर
सोमवार, रात्री १०.३०

आमच्याकडे गणपतीत गल्लीत पडदा लावून पिक्चर दाखवायचे. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. मागच्या बाजूला बसलं की अमिताभ डावखुरा नसून उजवा दिसायचा. संपानंतरची वर्षं होती, अर्ध्या घरांत चूल कशीबशी पेटायची. त्या गर्दीत 'कुली' बघितलेला माणूस संवादलेखन म्हणजे काय ते पुस्तकातून शिकत नाही. बिल्ला ७८६ दिसला की शिट्ट्या, हमालांची बाजू घेऊन तो बोलायला लागला की पिनड्रॉप शांतता, आणि वाक्य संपलं की गल्ली डोक्यावर. आमच्यातल्या कितीकांना हिंदी धड बोलता येत नव्हतं. पण कळलं नाही असं एक वाक्य नव्हतं.

कादर खानची ताकद ही होती, असं मला वाटतं. हिंदी सिनेमात तोवर हिरो भावनेच्या भरात आला की उर्दू शायराची भाषा बोलायला लागायचा. याला ती भाषा येत होती, तरी बहुतेक वेळा त्याने ती बाजूला ठेवली. कामाठीपुरा, नागपाडा, भायखळा, मदनपुरा या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर गुजराती, मराठी, दखनी, कोकणी मुसलमानांची बोली, इराण्याच्या हॉटेलातलं हिंदी, सगळं पडत असणार. त्या सगळ्यांना समजेल असं तो लिहायचा.

'अग्निपथ'चे (१९९०) संवादही त्याचे. त्यातल्या हिरोच्या गावाचा, मांडव्याचा, मुद्दा काढला की आमच्या आत्याचा नवरा अजून भडकतो. तो अलिबागकडचा. 'आमच्या मांडव्याला असला व्हिलन कधी नव्हता' म्हणतो. पण त्या पिक्चरमध्ये शाळामास्तर बापाची बदनामी होते आणि पोरगा आयुष्यभर ते विष पोटात घेऊन हिंडतो, ते ज्या शब्दांत बोलतो, त्यात एका जुन्या मास्तरचा हात मला दिसतो. अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या भूमिकेसाठी. तिकिटबारीवर मात्र आपटला, आणि आवाज वेगळा काढलाय म्हणून आमच्याकडच्या पब्लिकने थिएटरात आरडाओरडा केला होता.

व्हीटी_स्लो
मंगळवार, सकाळी ९.५५

+१ @गिरणगावकर. मागच्या बाजूने बघणारे आम्हीपण. नावं उलटी वाचायची सवय झाली होती.

दुपारचा_शो
मंगळवार, दुपारी १.००

विषय सासऱ्यांवर आणतो, धागाकर्त्याची मूळ मागणी ती होती.

माझ्या मते सर्वोत्तम सासरा 'दुल्हे राजा' (१९९८) मधला सिंघानिया. पंचतारांकित हॉटेलचा मालक, आणि त्याच्याच आवारात गोविंदाने ढाबा टाकलेला. हॉटेलची गिऱ्हाईकं ढाब्यावर. ढाबा हटत नाही, आणि वर मुलगी ढाबेवाल्याच्या प्रेमात. दिमतीला जॉनी लिव्हर. हा सिनेमा कादर खानने लिहिलेला नाही, हे विशेष. तरीही तो पडद्यावर असला की प्रसंगाची लगाम त्याच्याकडे असल्यासारखी वाटते. गोविंदा इतका वेगात असतो की समोरच्याने त्याच वेगाने उत्तर दिलं तर सगळा कल्ला होईल. कादर खान वेग अर्ध्यावर आणतो. आवाज खाली, श्वास लांब, आणि चेहऱ्यावर 'मी मोठा माणूस आहे' हा ठाम विश्वास. तो विश्वास जितका पक्का तितकी फजिती जोरदार.

याच्या उलट 'हीरो नं. १' आणि 'राजा बाबू'. त्यात तो गोविंदाचा बाप आहे, आणि बाप झाला की त्याच्यात ओलावा येतो. 'राजा बाबू'त लाडावलेल्या पोराला घराबाहेर काढणारा बाप आठवा. सासरा असताना हाच माणूस रबरी बाहुलीसारखा उसळतो, बाप असताना जमिनीत रुतून उभा राहतो.

फिरता_प्रेक्षक
मंगळवार, दुपारी ३.४०

@दुपारचा_शो, हेच, हेच मला म्हणायचं होतं! त्याचा सासरा कधी मूर्ख नसतो. होशियारचंद घ्या, सिंघानिया घ्या, व्यवहारात दोघे चोख आहेत. फसतात ते एकाच जागी : होशियारचंद हावेपायी, सिंघानिया प्रतिष्ठेपायी. बाकी सगळीकडे ते तुमच्या-आमच्यापेक्षा हुशार आहेत. मूर्ख माणूस फसला तर पाच मिनिटं हसू येतं. हुशार माणूस स्वतःच्या हावेने फसला तर अडीच तास बघता येतं. डेव्हिड धवनच्या सिनेमांत कथा म्हणजे नावापुरतीच असायची. तरी ते सिनेमे उभे राहिले, कारण समोर फसायला योग्य माणूस होता.

आणि ही जाण खलनायकीतून आलीय. खलनायक लिहिताना, करताना त्याला कळलं होतं की माणसाला स्वतःची बाजू बरोबरच वाटते. होशियारचंदलाही आपण मुलीचं भलं करतोय असंच वाटतं. त्याने खलनायकाचं फक्त पिस्तूल काढून घेतलं.

आजीचा_चष्मा
मंगळवार, सायंकाळी ७.२०

हे वाक्य पटलं. पिस्तुलाचं.

तरी 'बाप नंबरी बेटा दस नंबरी'साठी याला सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं आणि 'जैसी करनी वैसी भरनी'मधल्या म्हाताऱ्याची कोणाला आठवणही नाही, याची गंमत वाटते. मुलगा-सुनेने घराबाहेर काढलेला बाप. माझ्या आजीने तो पिक्चर बघून आठवडाभर आमच्या बाबांशी अबोला धरला होता. बाबांनी काही केलंच नव्हतं.

तिसरी_घंटा
मंगळवार, रात्री ८.०५

आजींचा अबोला हा खरा पुरस्कार. 😀

आणखी एक भूमिका सुचवतो, 'हम' (१९९१). त्यात त्याच्या दोन भूमिका आहेत. एक कडक लष्करी जनरल, आणि एक त्याच्यासारखाच दिसणारा नाटकातला नट. त्या नटाला जनरल म्हणून उभं केलं जातं आणि मग गोंधळ. संवाद त्याचेच. रंगभूमीवरच्या नटाची सगळी हौस, सगळा अतिरेक त्याने त्या दुसऱ्या भूमिकेत ओतलाय. आपल्याच जातीच्या माणसांची एवढी प्रेमाने खिल्ली उडवलेली मी फार कमी वेळा पाहिलीय. नाटकवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं.

नवा_सभासद_४२
बुधवार, सकाळी १०.१०

मी नव्वदीनंतरचा, त्यामुळे मला फक्त कॉमेडीवाला कादर खान माहीत. गंभीर भूमिका बघायची असेल तर एकच नाव सांगा. सगळी यादी नको, वेळ नाही.

दुपारचा_शो
बुधवार, सकाळी १०.३२

'अंगार', १९९२. मुंबईतला पठाण डॉन जहांगीर खान. मुलाच्या भूमिकेत नाना पाटेकर. संवादांचं फिल्मफेअरही याच चित्रपटाला.

गिरणगावकर
बुधवार, सकाळी ११.१५

@नवा_सभासद_४२, 'अंगार' बघताना एक लक्षात ठेवा. हा माणूस काबूलला जन्मलेला पठाण, ज्या वस्त्यांत पठाण डॉनचा दबदबा होता त्याच वस्त्यांत वाढलेला. त्या भूमिकेत तो आवाज चढवत नाही. बसतो कसा, माणसांना भेटतो कसा, कोणाला बसायला सांगतो आणि कोणाला उभं ठेवतो, ते बघा. आणि मग आठवा की त्या आगेमागेच हा गोविंदाचा बाप आणि सासरा होऊन हिंडत होता. नाना समोर असताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. इथे बाप मुलापुढे तसूभर हलत नाही.

नवा_सभासद_४२
गुरुवार, रात्री १२.३०

बघितला. झोप उडाली. गाण्यांच्या वेळी पुढे ढकलला, बाकी सलग. जहांगीर खान पहिल्यांदा आला तेव्हा सवयीने हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

कांदाभजी
गुरुवार, सकाळी ७.१२

परवानगी मिळाली आणि 'दुल्हे राजा' झाला. बायको म्हणाली, सिंघानियाचंच बरोबर आहे, आवारात ढाबा कोण टाकू देईल? सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला ती येणार आहे, सचिव सावध राहा.

व्हीटी_स्लो
गुरुवार, सकाळी १०.०२

एक राहिलं. ३१ डिसेंबर २०१८ ला तो कॅनडात गेला. दफनही तिकडेच झालं. लगेच पुढच्या महिन्यात, २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी पद्मश्री, मरणोत्तर. तीनशेच्या वर चित्रपटांत दिसलेला, दोनशेहून अधिक चित्रपटांचे संवाद लिहिलेला माणूस. शेवटची काही वर्षं आजारपणात गेली, बोलणंही कठीण झालं होतं. त्या दरम्यान सरकारला नाव सुचलं नाही. यावर जास्त लिहीत नाही, धाग्याला राजकारणाचं वळण लागेल.

दुपारचा_शो
गुरुवार, दुपारी १२.४५

नकोच ते. त्यापेक्षा कोणीतरी प्रयाग राजवर धागा काढा. 'अमर अकबर अँथनी'ची पटकथा त्याची, 'कुली'च्या दिग्दर्शनात मनमोहन देसाईंबरोबर नाव त्याचं, आणि 'जंगली'तली शम्मी कपूरची ती प्रसिद्ध 'याहू' आरोळीसुद्धा त्याच्याच गळ्यातली. २०२३ मध्ये मुंबईत गेला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटात कोणालाही नाव ओळखता आलं नाही.

फिरता_प्रेक्षक
गुरुवार, दुपारी १.१०

याहूवाला आणि अकबर-अँथनीवाला एकच? धागा तुम्हीच काढा, @दुपारचा_शो. माहिती तुमच्याकडे आहे. मी पहिला प्रतिसाद देतो. आणि त्यात कोणी बांधकामाची भाषा आणली तर @स्थापत्यवाला यांना आधीच नोटीस.

स्थापत्यवाला
गुरुवार, दुपारी १.१८

नोटीस मिळाली. उत्तर महापालिकेच्या वेळेत देण्यात येईल.